गिरगावातील ख्रिस्तपट आणि दादासाहेब फाळके : एका धर्मपटनिर्मात्याची घडण

भारतीय चित्रपटाच्या जन्माची कथा आता इतकी सर्वपरिचित झाली आहे की, तिच्यातील पुराव्याचा भाग कोणता आणि आख्यायिकेचा भाग कोणता, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस ह्या चित्रगृहात धुंडिराज गोविंद फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण चालू लागले. आणि त्या क्षणी हिंदी चित्रपटाचा संकल्प झाला, असे ही कथा सांगते. तिचा उपयोग दोन परस्परविरोधी पक्षांनी केलेला आहे. एक पक्ष म्हणतो की, हिंदू पौराणिक चित्रपट हे ख्रिस्ती धर्मप्रचाराचे अनपेक्षित अपत्य होय. दुसरा पक्ष ख्रिस्तपटाला केवळ निमित्तमात्र ठरवितो आणि सर्व श्रेय स्वदेशीच्या प्रेरणेस देतो. दोन्ही मतांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही की, त्या दिवशी गिरगावात जे दाखविले गेले ते मिशनचे काम होते. हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम तारखेचा प्रश्न. 'नवयुग' मासिकात १९१७ साली लिहू लागलेल्या लेखमालेत फाळके यांनी स्वतः १९१० साल दिले असून तो दिवस नाताळातील शनिवार होता असे म्हटले आहे. चरित्रकारांत रूढ असलेली दुसरी हकीकत अशी : १४ एप्रिल १९११ रोजी फाळके आपला थोरला मुलगा भालचंद्र यास घेऊन जनावरांचा एक चित्रपट पाहावयास गेले, मुलाने घरी येऊन सांगितलेले कोणास खरे वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सर्व कुटुंब गेले, तेव्हा ईस्टरनिमित्त जनावरांऐवजी ख्रिस्तचरित्र लावलेले होते. पंचांग काढून पाहिले असता एक मौजेची गोष्ट आढळते. १९११ साली ईस्टरचा रविवार १६ एप्रिल रोजी आला होता. म्हणजे १४ एप्रिल हा गुड फ्रायडे आणि १५ एप्रिल हा शनिवार. १९१० चा नाताळ रविवारी होता. म्हणजे त्याचा आदला दिवसही शनिवारच. दोन्ही हकीकतींत वार एकच राहतो, सण मात्र बदलतो. स्मृतीचा असा घोटाळा नैसर्गिक आहे : 'ख्रिस्ती लोकांच्या सणातला शनिवार' एवढे पक्के लक्षात राहावे आणि सण कोणता हे मागाहून भरले जावे. फाळके यांचा लेख घटनेनंतर सहासात वर्षांनी लिहिलेला आहे, तर कुटुंबातील आठवण त्याहून पुष्कळ उशिरा लिहिली गेली. केवळ जवळिकीच्या कसोटीने पाहता नाताळाचे पारडे जड ठरते. परंतु दुसऱ्या हकीकतीतील जनावरांच्या चित्रपटासारखा तपशील सहसा कोणी रचून सांगत नाही. १९१० ची अखेर ते १९११ चा एप्रिल एवढ्या मर्यादेत ही घटना ठेवणे बरे. त्याहून अधिक नेमकेपणाचा आग्रह धरल्याने इतिहासाचे काही साधत नाही.

तारखेपेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे तो चित्रपटाचा. हल्ली ह्या संदर्भात नाव घेतले जाते ते फ्रान्सच्या गोमाँ कंपनीसाठी अॅलिस गी हिने १९०६ साली केलेल्या ख्रिस्तचरित्राचे. त्यात पंचवीस दृश्ये असून त्यांची मांडणी जेम्स तिसो ह्या चित्रकाराच्या बायबलविषयक चित्रांवरून केलेली होती. ह्याच सुमारास पाथे कंपनीनेही ख्रिस्ताच्या जीवनावर आणि यातनांवर एक लांबलचक चित्रपट काढला व तो पुन्हा नव्याने चित्रित केला. दोहोंपैकी कोणताही मानला तरी तो मिशनरी संस्थेचा माल नव्हे. दोन्ही फ्रेंच व्यापारी कंपन्या. दोन्हींच्या पाठीशी कॅथलिक युरोपातील यातनानाट्याची आणि वेदीवरील चित्रांची परंपरा. आणि दाखविणारा गिरगावातील चित्रगृहचालक, ज्याला सणाचा गल्ला हवा होता. प्रॉटेस्टंट मिशनचा ह्या व्यवहाराशी प्रत्यक्ष संबंध कोठेच येत नाही.

प्रॉटेस्टंट धर्मपटनिर्माता म्हणजे काय, हे पाहावयाचे तर त्या काळी मुंबई सोडून मेलबर्नला जावे लागेल. मुक्तिफौजेचे संस्थापक विल्यम बूथ यांचा मुलगा हर्बर्ट बूथ १८९६ साली ऑस्ट्रेलियातील फौजेचा प्रमुख झाला. तेथे जोसेफ पेरी नावाचा अधिकारी १८९२ पासून जादूच्या दिव्याचा म्हणजे मॅजिक लँटर्नचा एक विभाग चालवीत होता. ह्या दोघांनी १८९७ पासून चलच्चित्रे काढण्यास प्रारंभ केला. १३ सप्टेंबर १९०० रोजी मेलबर्नच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी 'सोल्जर्स ऑफ द क्रॉस' हा कार्यक्रम सादर केला. सुमारे दोनशे रंगीत काचचित्रे, सुमारे पंधरा लहान चित्रफिती, वाद्यवृंद, गायन आणि मध्यभागी स्वतः बूथचे व्याख्यान, असे त्याचे स्वरूप होते. विषय आद्य ख्रिस्ती हुतात्म्यांचा. सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, चित्रे ही व्याख्यानाची चाकर होती. ती पाहून प्रेक्षकाने डोळे पुसावे, एवढ्याने काम भागत नव्हते; त्याने उठून फौजेत नाव नोंदवावे, हा हेतू होता. प्रतिमेविषयीचा प्रॉटेस्टंट संकोच येथे चांगला दिसून येतो. प्रतिमा चालेल, पण ती शब्दाच्या ताब्यात असली पाहिजे. बूथने १९०२ साली फौज सोडली आणि हा कार्यक्रम बरोबर नेला. पेरीचा विभाग पुढे चालू राहिला, परंतु १९१० साली फौजेच्या नव्या नेतृत्वाने तो बंद केला. चित्रपट ही आता करमणुकीची आणि म्हणून अनीतीची वस्तू झाली, अशी त्यांची समजूत होती. ज्या सुमारास मेलबर्नमध्ये प्रॉटेस्टंट धर्मपटाचे दुकान मिटले, त्याच सुमारास गिरगावात फाळके तिकीट काढून आत शिरत होते.

ही मुक्तिफौज मुंबईला अपरिचित नव्हती. १८८२ साली फ्रेडरिक टकर हा सनदी नोकरी सोडलेला अधिकारी तिची पहिली तुकडी घेऊन मुंबई बंदरात उतरला. त्याने भगवी वस्त्रे धारण केली आणि 'फकीर सिंग' असे नाव घेतले. तथापि महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट कार्याचा मुख्य प्रवाह निराळा होता. तो शब्दाचा होता, आणि विशेषेकरून छापील शब्दाचा. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस आले, आणि पुढे मिशनचा छापखाना, शाळा, १८४२ साली निघालेले 'ज्ञानोदय' असा विस्तार होत गेला. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३१ साली मोरभट दांडेकर यांच्याशी जाहीर वाद केला. मूर्तिपूजा हा त्या वादातील प्रमुख मुद्द्यांपैकी एक होता. विल्सन यांनी १८३२ साली काढलेल्या शाळेतून वाढलेले महाविद्यालय १८८९ पासून गिरगाव चौपाटीवरील आपल्या इमारतीत आहे.

येथे फाळके यांच्या घरचा एक तपशील लक्षात घेतला पाहिजे. चरित्रांतून तो येतो, पण सहसा एका वाक्यात संपतो. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराजांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे वैदिक परंपरेतील विद्वान. त्यांना मुंबईत संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले ते विल्सन महाविद्यालयात. आणि ह्या नोकरीमुळेच कुटुंब मुंबईस आले. म्हणजे ज्या संस्थेच्या संस्थापकाने मूर्तिपूजेवर जाहीर वादात हल्ला चढविला, तिच्याच वेतनावर ह्या शास्त्र्याचा मुलगा जे. जे. कलाशाळेत चित्रे काढावयास शिकला. दाजीशास्त्र्यांना ह्यात विसंगती वाटली असेल असे मानण्याचे कारण नाही. संस्कृतच्या अध्यापनाची जागा ही तेव्हा शास्त्रीमंडळींना उपलब्ध असलेल्या थोड्या प्रतिष्ठित जागांपैकी एक होती, आणि मिशनलाही शास्त्र्यांवाचून चालत नव्हते. पण प्रॉटेस्टंट संस्थेशी सलोख्याने व्यवहार करावा, तिच्यापासून घ्यावयाचे ते घ्यावे, आणि देव मात्र आपले ठेवावे, ही रीत धुंडिराजांना घरातच पाहावयास मिळाली होती.

ही रीत एकट्या फाळके कुटुंबाचीही नव्हती. गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनचे छपाईकाम पाहून स्वतःचा शिळाछापखाना उभारला आणि १८३१ साली छापले काय, तर पंचांग. निर्णयसागराचे संस्थापक जावजी दादाजी यांनीही उमेदवारी केली ती अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात, टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली. आणि पुढे त्यांच्या सुबक टंकातून निघाले ते संस्कृत ग्रंथांचे भांडार. साधन मिशनचे, आशय आपला, असा हा मुंबईचा ऐंशी वर्षांचा जुना परिपाठ. उलट दिशेचेही एक उदाहरण फाळक्यांच्या समकालीनांत सापडते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १९१९ साली मुंबईतच त्यांचा अंत झाला. ह्या काळात त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही वारकरी साधने ख्रिस्ताच्या चरणी नेऊन ठेविली. प्रॉटेस्टंट कवीने हिंदू रूप घेतले; हिंदू चित्रकाराने ख्रिस्ती पडदा घेतला. टिळकांची प्रतिभा मात्र शेवटपर्यंत शब्दाची राहिली आणि फाळके यांची डोळ्याची.

डोळ्याचे हे शिक्षण दीर्घ आणि वेडेवाकडे झाले. १८८५ साली जे. जे. कलाशाळा, नंतर बडोद्याचे कलाभवन. तेथे छायाचित्रण, साचेकाम, वास्तुरेखन असे सर्व थोडे थोडे. गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा, आणि तेथेच प्लेगात पहिली पत्नी व मूल यांचा मृत्यू. मग काही काळ आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केल्फा' ह्या नावाने जादूचे प्रयोग. १९०२ साली द्वितीय विवाह. १९०३ पासून पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक. १९०६ च्या सुमारास ती नोकरी सोडून लोणावळ्यास ठशांचा आणि छपाईचा कारखाना. ह्या कारखान्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे रविवर्मा छापखाना. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीस गेलेल्या ह्या छापखान्याने लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण यांच्या रंगीत तसबिरी घरोघर नेल्या होत्या. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराच्या खोलीत आणि गिरगावच्या ब्राह्मणी चाळीत देवाचा चेहरा एकच झाला तो ह्या तसबिरींमुळे. पुढे मुंबईत भागीदारीतील लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स, १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीचा प्रवास, आणि अखेर भागीदारांशी बेबनाव.

ख्रिस्तपट पाहणारा मनुष्य हा असा होता. त्याच्यापुढे पडद्यावर जे चालले होते ते त्याच्या दृष्टीने काय असेल? तिसोची छापील चित्रे हलू लागली होती. देवादिकांची छापील चित्रे तयार करण्यात ज्याची वर्षे गेली, त्याला ह्यातील कारागिरी तत्काळ उमगली असली पाहिजे. ख्रिस्त दिसत असता कृष्ण दिसावा, हा चमत्कार नव्हे. एक छापखानेवाला दुसऱ्या छापखान्याचा माल ओळखीत होता. प्रेरणेची कथा भाविक आहे, पण तिच्या तळाशी धंद्याचे ज्ञान आहे. ते वगळले की सारे प्रकरण दैवी साक्षात्कार होऊन बसते, आणि दुर्दैवाने पुष्कळ चरित्रे तेथेच थांबतात.

दुसरे एक साम्य रचनेचे आहे. जुन्या ख्रिस्तपटांत कथा सांगितली जात नसे, ती आठवून दिली जात असे. प्रत्येक दृश्यापूर्वी मथळा येई. मथळा वाचताच प्रेक्षक पुढचे सर्व ओळखी. आणि चित्र येऊन त्या ओळखीवर शिक्कामोर्तब करी. बेथलहेम, वल्हांडणाचे भोजन, क्रूस : मधले दुवे प्रेक्षकाने घरून आणावयाचे. फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या उपलब्ध प्रतीतील इंग्रजी व हिंदी मथळे नेमके हेच कार्य करतात. ते संवाद देण्यापेक्षा प्रसंगाची वार्ता आधी देतात आणि चित्र मागाहून येते. भाषेच्या अभ्यासकाला ह्यात चित्रकथ्याची पद्धत ओळखू येईल. तोही पोथीतील पान उलटण्यापूर्वी प्रसंग बोलून दाखवितो. शिवाय कल्याणच्या पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' ह्या नावाने १८९० नंतरच्या दशकात काचचित्रांवर रामायणादी कथा दाखविल्या होत्याच. तेव्हा ख्रिस्तपटापासून फाळके जे शिकले ते कथनाचे तंत्र नव्हे. ते येथे होते. ते शिकले एवढेच की, ज्या कथेला सारा समाज आधीच जाणतो, तिच्यावर बिनबोलक्या चित्राचा धंदा निर्वेध चालतो.

त्यानंतरचा क्रम सुपरिचित आहे. सहा महिने रोज चार-पाच तास चित्रपट पाहणे, लहान यंत्राने घरी प्रयोग करणे, आणि त्यामुळे आलेले अंधत्व, जे डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दूर झाले. विम्याची १२,००० रुपयांची पत्रे गहाण टाकून १०,००० रुपये मिळाले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांची गाठ वॉल्टन येथील चित्रशाळेचे चालक सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. विल्यम्सन कॅमेरा आणि छिद्रे पाडण्याचे यंत्र विकत घेऊन फाळके दोन महिन्यांत परत आले. बिऱ्हाड चर्नी रोडवरून दादरच्या मुख्य रस्त्यावर मथुरा भवनात गेले. चित्रशाळा म्हणजे हाच बंगला. कर्ज मिळविण्यासाठी त्यांनी कुंडीतील वाटाण्याचे रोप कसे वाढते ह्याची एक छोटी चित्रफीत करून दाखविली; आणि सावकारांचा विश्वास बसला तो देवांच्या चित्राने नव्हे, ह्या वाटाण्याने.

स्त्रीपात्रे मिळेनात म्हणून ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात महिना दहा रुपयांवर काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना पंधरा रुपयांवर आणून तारामती केले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, भालचंद्र रोहिदास. मंडळींचा स्वयंपाक, कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, रासायनिक धुलाई अशी सारी कामे सरस्वतीबाई फाळके यांच्या अंगावर होती. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांच्या यादीत त्यांचे नाव क्वचितच येते; ते पहिल्या ओळीत यावयास हवे. ३,७०० फुटांचा हा चित्रपट २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रितांस दाखविला गेला आणि ३ मे रोजी सँडहर्स्ट रोडवरील कॉरोनेशनमध्ये जनतेसाठी लागला. त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' लागून गेला होता. तो रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होता, म्हणून पहिलेपणाचा मान त्याला नाकारला जातो. ह्या वादात पडण्याचे येथे कारण नाही. पण आद्य दोन्ही कृती धर्मकथांच्या आहेत, आणि दोहोंपैकी एक तर ख्रिस्तपटाच्या प्रेरणेवाचून झालेली आहे, ही गोष्ट 'मिशनच्या अपत्या'चे मत मांडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

फाळके यांच्या डोळ्यांपुढे आले ते राम-कृष्ण, आणि त्यांनी प्रथम केला तो हरिश्चंद्र. असे का? राम आणि कृष्ण यांना पडद्यावर आणावयाचे तर चमत्कार आणावे लागतात, आणि चमत्काराला दुहेरी चित्रणासारख्या युक्त्यांवर पूर्ण हुकमत लागते. हरिश्चंद्राच्या कथेत माणसे पुष्कळ आहेत आणि देव अखेरीस येतो. रामाची पाळी आली १९१७ साली 'लंकादहन'मध्ये, ज्यात साळुंके हेच राम आणि सीता दोन्ही झाले; कृष्णाची आली २४ ऑगस्ट १९१८ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या 'श्रीकृष्णजन्मा'त. त्यात फाळके यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. १९१९ च्या 'कालियामर्दना'तही तीच होती. म्हणजे गिरगावातील त्या शनिवारी जे पाहिले ते पडद्यावर यावयास सातआठ वर्षे लागली. 'लंकादहन'मध्ये राम दिसताच प्रेक्षक हात जोडीत, असे सांगितले जाते. बूथच्या सभेत प्रेक्षकाने उठून पुढे यावयाचे होते. येथे त्याने जागच्या जागी नमस्कार करावयाचा होता. कोणाचे मत पालटावे, असा फाळके यांचा हेतूच नव्हता. ज्याला धर्मांतर करावयाचे नाही अशा प्रेक्षकासाठी काढलेला हा धर्मपट होता, आणि 'दर्शन' ह्या एका शब्दात त्याचे सगळे व्याकरण येते.

हेतू धर्माचा असो वा स्वदेशीचा, फाळके यांची संस्था आरंभापासून धंदा होती. बूथच्या मागे फौज होती, तशी यांच्या मागे कोणतीही धर्मसंस्था नव्हती, सावकार होते. ह्याचे फळ दुहेरी मिळाले. धर्मसंस्थेच्या एका हुकुमाने त्यांचे काम बंद पडले नाही, पण भागीदारांच्या नाराजीने पडले. १ जानेवारी १९१८ रोजी मुंबईच्या भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, चित्रशाळा नाशिकला होती. थोड्याच काळात मतभेद झाले आणि फाळके काशीस निघून गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. पुढे ते कंपनीत परतले, परंतु पूर्वीची हुकमत परत आली नाही. ज्या मॅजेस्टिकमध्ये त्यांचा कृष्ण गाजला, तेथेच १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' बोलू लागला. 'सेतुबंधन' १९३२ साली मूकपट म्हणून पुरा झाला आणि त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' हा १९३७ सालचा बोलपट शेवटचा ठरला. तोवर प्रभातच्या 'संत तुकाराम'ने धर्मपटाचा मार्गच बदलला होता. तेथे चमत्कारापेक्षा माणूस मोठा होता, आणि संवादांना घरगुती मराठीचा कस होता. फाळके यांच्या देवांना बोलण्याची सवय नव्हती.

प्रॉटेस्टंट जगातील एक समकालीन उदाहरण येथे उपयोगी पडेल. पिठाच्या गिरण्यांचे मालक आणि मेथडिस्ट रविवारशाळेचे शिक्षक जे. आर्थर रँक यांनी १९३३ साली ब्रिटनमध्ये धार्मिक चित्रपटांसाठी संस्था काढली. धर्मपट काढण्यापासून प्रारंभ करून ते दहा-बारा वर्षांत ब्रिटनच्या चित्रव्यवसायाचे सर्वांत मोठे धनी झाले, आणि धर्मपट मागे पडला. त्यांच्याजवळ भांडवल होते, म्हणून ते विषय सोडू शकले. फाळके यांच्याजवळ विषयच भांडवल होता.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर ९५ चित्रपट व २६ लघुपट सांगितले जातात. त्यांपैकी हाती राहिलेले फार थोडे. 'श्रीकृष्णजन्मा'चा जो तुकडा उरला आहे त्यात पाण्यातून कालियाच्या फण्यावर उभा कृष्ण वर येतो, काठावर निरनिराळ्या वेषांतील माणसे हात जोडून उभी असतात, आणि पुढे कंसाला आपलेच मस्तक धडावेगळे होऊन वर जाताना दिसते. हा शेवटचा भाग प्रोफेसर केल्फाच्या हातचा आहे.